आवडीची मालिका आणि तिचा कर्ता

आदिलाबादहून दक्षिणेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग गुडीहत्नूरला पोहोचला की तेथून उटनूरची वाट फुटते. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, परंतु घरांतील बोली बदलल्या नाहीत. आजही येथे एका घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात गोंडी व लंबाडी आणि सर्वांच्या मुखी कामापुरती हिंदी ऐकू येते. अशा गावातील कुटुंबांस 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही दूरचित्रवाणीवरील मालिका जवळची वाटावी यात नवल ते काय? तिच्यातील गोकुळधाम या वसाहतीत गुजराती, मराठी, पंजाबी, पारशी, तमिळ आणि बंगाली कुटुंबे एका अंगणात राहतात, भांडतात आणि सणासुदीला एकत्र येतात. शिवाय ही मालिका हिंदीत आहे, मराठीत 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने आली आणि तेलुगूतही रूपांतरित झाली. तेव्हा आजीने एका भाषेत व नातवाने दुसऱ्या भाषेत तीच गंमत पाहावी, अशी सोय आपोआपच झाली.

या मालिकेचे मूळ एका लेखमालेत आहे. तारक मेहता या गुजराती विनोदी लेखकाने १९७१ पासून 'चित्रलेखा' या साप्ताहिकात जे सदर चालविले, त्यावरून असितकुमार मोदी या निर्मात्याने ही मालिका उभी केली. २८ जुलै २००८ रोजी तिचा पहिला भाग दाखविण्यात आला. तेव्हापासून चार हजारांहून अधिक भाग झाले. मेहता २०१७ साली निवर्तले. मालिकेतील आत्माराम भिडे मास्तर, आपल्या काळाची थोरवी सांगणारे, पैशापैशाचा हिशेब ठेवणारे, आणि त्यांची लोणची-पापड करून संसाराला हातभार लावणारी पत्नी माधवी ही तर आपल्याच आळीतील माणसे वाटतात. धंद्यात मुरलेला, पुष्कळदा फजीत होणारा जेठालाल वडिलांसमोर मान वर करीत नाही, हे पाहून कित्येक बापांनी आपल्या मुलांस चार गोष्टी ऐकविल्या असतील. मुलाबाळांसमवेत पाहताना खाली मान घालावी लागत नाही, ही या मालिकेची मोठी जमेची बाजू होय.

अशा मालिकेच्या घरातून मे २०२३ मध्ये एक अप्रिय वार्ता आली. सोढी या शीख गृहस्थाच्या पारशी पत्नीची, रोशनची, भूमिका मधला काही काळ वगळता आरंभापासून करणाऱ्या जेनिफर मिस्त्री बन्सीवाल यांनी निर्माते मोदी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांवर लैंगिक छळाचा आरोप केला. मोदी यांनी तो नाकारला. जून २०२३ मध्ये मुंबईतील पवई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. तक्रार शासनाच्या स्थानिक समितीपुढेही गेली. समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय आपल्या बाजूने दिला आणि मोदी यांनी थकलेले पैसे व त्यावर पाच लाख रुपये भरपाई द्यावी असे सांगितले, असे मिस्त्री यांनी मार्च २०२४ मध्ये वृत्तपत्रांस कळविले. याहून अधिक न्याय करणे आमचे काम नव्हे. ज्यांचे ते काम आहे त्यांनी ते करावे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो आपल्या घरातील प्रश्नाचा. जे पाहून आपण इतकी वर्षे हसलो, त्याच्या कर्त्याविषयी असे काही कानी आले, म्हणजे आपण काय करावे?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे लोकांच्या तोंडी ऐकू येतात. पहिले असे : 'इतकी स्वच्छ मालिका काढणारा माणूस असे करीलच कसा? बाईला पैसे हवे असतील.' दुसरे असे : 'झाले! आता ती मालिका घरात लावायचीच नाही.' ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत.

पहिल्या उत्तरात एक मोठी चूक आहे. चांगली कृती ही कर्त्याच्या कौशल्याची खूण असते. त्याच्या एकांतातील वागणुकीचा तो दाखला नसतो. सुताराने केलेला पाळणा मजबूत आहे, एवढ्यावरून तो सुतार घरी पत्नीला मारीत नसेल असे कोणी म्हणेल काय? पाळण्याची परीक्षा पाळण्यात होते आणि सुताराची त्याच्या घरात. मालिकेचे तर याहूनही निराळे आहे. ती एका माणसाची नसते. मेहतांची लेखणी, संवाद लिहिणारे, नट-नटी, रंगभूषा करणारे, दिवे धरणारे, कपडे शिवणारे, अशा शेकडो हातांनी ती होते. त्या हातांत तक्रार करणाऱ्या स्त्रीचाही हात होता, हे आपण विसरतो. रोशन सोढीच्या बोलण्यावर जे हसले, ते मिस्त्री यांच्या श्रमावर हसले. तेव्हा 'आम्हांस मालिका आवडते, म्हणून ही बाई खोटी' असे म्हणणे म्हणजे जिने आपल्याला हसविले तिच्याविरुद्ध तेच हसू साक्षीला उभे करणे होय. तक्रार खरी की खोटी हे पुराव्याने ठरते. आवडीने ठरत नाही.

दुसरे उत्तर रागाच्या भरातले असले तरी त्याच्या मुळाशी सद्भावना आहे. एखाद्याला किंवा एखादीला ती मालिका यापुढे पाहवत नसेल, तर तिला कोणी हट्टाने समोर बसवू नये. विशेषतः ज्या स्त्रीने स्वतः असे काही सोसले आहे, तिला त्या हास्यात निराळेच काही ऐकू येत असेल, आणि ती कारण सांगणारही नाही. तथापि जो पाहतो तो पापात भागीदार झाला, असेही आम्हांस वाटत नाही. भिडे मास्तरांचा भाबडेपणा निर्मात्यावरील आरोपामुळे खोटा ठरत नाही. संच बंद केल्याने पीडितेला न्याय मिळाला, असेही होत नाही. उलट काही वेळा 'आम्ही पाहणे सोडले' या समाधानात आपण तिची गोष्ट ऐकण्याचे कर्तव्यही सोडून देतो.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. तो आपल्या ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. फ्रान्समधील लूर्ड येथे पवित्र जपमाळेच्या राणीचे जे मंदिर आहे, त्याच्या दर्शनी भागावर २००८ साली रंगीत काचखड्यांची सुंदर चित्रे बसविण्यात आली. ती मार्को रुपनिक या स्लोव्हेनियन धर्मगुरूने केली. जगभर शेकडो प्रार्थनास्थळांत त्याची चित्रे आहेत, आणि अनेकांनी त्यांच्यासमोर गुडघे टेकून मनापासून प्रार्थना केली आहे. पुढे वीसहून अधिक स्त्रियांनी, ज्यांत धर्मभगिनी म्हणून राहिलेल्या पुष्कळ होत्या, त्याने आपला लैंगिक व मानसिक छळ केल्याचे सांगितले. येशूसंघाने त्याला आज्ञाभंगाबद्दल जून २०२३ मध्ये संघातून काढले. पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कालमर्यादेची अडचण दूर करून खटल्याचा मार्ग मोकळा केला.

लूर्डचे बिशप झां-मार्क मिकास यांच्यापुढे मग हाच पेच आला. जुलै २०२४ मध्ये त्यांनी पहिले पाऊल म्हणून रात्रीच्या मिरवणुकीच्या वेळी त्या चित्रांवर दिवे लावणे थांबविले. ३१ मार्च २०२५ पासून मंदिराच्या प्रवेशद्वारांवरील चित्रे झाकण्यास आरंभ झाला. चित्रे वाईट आहेत असे कोणी म्हटले नाही. म्हणणे इतकेच होते, की लूर्ड हे दुखावलेल्यांनी सांत्वनासाठी यावयाचे ठिकाण आहे, आणि ज्यांनी असा छळ सोसला आहे त्यांचे पाऊल त्या दारातच अडखळू नये.

यात आपल्याला उपयोगी पडेल असा एक विवेक आहे. आपल्या घरात बसून काही पाहणे ही एक गोष्ट. कर्त्याला व्यासपीठावर बसवून हार घालणे ही दुसरी. आणि त्याचे काम प्रार्थनेच्या जागी मानाने मांडणे ही तिसरी. पहिलीत आपण केवळ एक कृती पाहतो. दुसरी-तिसरीत आपण सर्वांच्या वतीने सन्मान करतो, आणि त्या 'सर्वां'मध्ये दुखावलेली व्यक्तीही असते. म्हणून सन्मान जितका मोठा, तितकी सावधगिरी अधिक हवी.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या विषयावर बोलण्याचा अधिकार एका बाईला आहे. ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. टिळक आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या मंडळीतले, पण त्यांची भक्तिगीते पंथाची भिंत ओलांडून गेली. त्याच टिळकांविषयी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त काय लिहिले? त्यांचा भडकणारा राग, न सांगता घर सोडून जाणे, हातचा पैसा कोणासही देऊन टाकणे आणि मग घरात उडणारी दैना, हे सारे त्यांनी लिहिले; आणि तितक्याच मोकळेपणाने त्यांचे निर्मळ मन व अपार दयाही लिहिली. हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला. त्यामुळे टिळकांची गीते कोणी गावयाची थांबविली नाहीत. सत्य सांगितल्याने चांगली कृती मरत नाही, याचे यापेक्षा घरचे उदाहरण कोणते?

मात्र एक भेद ध्यानी धरला पाहिजे. तापट नवऱ्याचा राग आणि असहाय स्त्रीचा छळ हे एका तागडीत घालता येत नाहीत. शिवाय 'स्मृतिचित्रे'त जी क्षमा आहे ती सोसणाऱ्या स्त्रीची आहे. जिने सोसले तिने क्षमा करावी, हा तिचा अधिकार. आपण बाहेरच्यांनी तिच्या वतीने क्षमा करून मोकळे होणे, आणि वर तिलाच 'आता विसर' म्हणणे, याला ख्रिस्ती क्षमा म्हणत नाहीत.

वाचकहो, मुंबईचा निर्माता व लूर्डचा चित्रकार आपल्यापासून फार दूर आहेत. पण हीच गोष्ट आपल्या गावातही घडू शकते. गोड गळ्याचा गायक, परीक्षेत मुले उत्तीर्ण करून देणारा शिक्षक, मंदिराच्या बांधकामाला सढळ हाताने देणगी देणारा मुकादम, अशा कोणाविषयी उद्या एखादी मुलगी आईजवळ रडत काही बोलली, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? 'अग, ते किती भले आहेत!' हा निघाला, तर ती पुन्हा बोलणार नाही. मालिकेच्या निमित्ताने लागलेली सवय येथे जिवावर बेतते.

म्हणून कायद्याने काय सोय केली आहे, हे प्रत्येक घरी ठाऊक असावे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असावी लागते. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथील स्त्रीने या समितीकडे जावे. कापूस वेचणारी, जिनिंगमध्ये राबणारी, परक्या घरी धुणीभांडी करणारी स्त्रीही यात येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. जिला लिहिता येत नाही तिला लेखनास साहाय्य करणे समितीवर बंधनकारक आहे, आणि तिचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा कायदा लागू होतो. त्यात गोष्ट ठाऊक असून न कळविणे हाच गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

राहिला प्रश्न मालिकेचा. ज्यांना ती आवडते त्यांनी ती खुशाल पाहावी. मात्र शाळेत काही ऐकून आलेले मूल जेव्हा मध्येच विचारील, 'हे काढणाऱ्या काकांनी काही वाईट केले म्हणतात, खरे का?', तेव्हा त्याला गप्प बसवू नये. त्याला सांगावे, की एका बाईने तशी तक्रार केली आहे, त्या गृहस्थांनी ती नाकारली आहे, आणि अशी तक्रार नीट ऐकून घ्यावी लागते. आणि त्याच बैठकीत हेही सांगून टाकावे, की तुला कोणी त्रास दिला, मग तो माणूस आपल्या घरच्यांस कितीही आवडत असो, तू आम्हांस सांग. आम्ही आधी तुझे ऐकू.