छतावरचे ऊन आणि चाकांवरचे घर

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार भिंती, दार, अंगण आणि एक ठरलेला पत्ता येतो. परंतु सगळीच घरे अशी एका जागी स्थिर नसतात. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो वर्षे देशभर फिरले. त्यांचे घर त्यांच्याबरोबरच चालत असे. गाडीलोहारांची बैलगाडी हेच त्यांचे घर आणि तोच त्यांचा कारखाना. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून जातो. त्यावर धावणाऱ्या मालट्रकची केबिन हेसुद्धा चालकाचे अनेक दिवसांचे घरच असते.

आता या चालत्या घरांच्या कुळात एक नवा भाऊ आला आहे. मोठ्या व्हॅनमध्ये किंवा बसमध्ये झोपण्याची जागा, ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर बसवतात. छतावर सौर पॅनेल लावतात. अशा मोटारघरात काही जण सुट्टीपुरते राहतात, तर काही जण वर्षानुवर्षे.

मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये ऊर्जाविज्ञानाचे प्राध्यापक असताना चेतनसिंह सोळंकी यांनी अशाच एका बसमध्ये राहायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये भोपाळहून त्यांची 'एनर्जी स्वराज यात्रा' निघाली. २०३० पर्यंत घरी न जाता बसमध्येच राहायचे आणि गावोगावी सौरऊर्जेची गोष्ट सांगायची, असा त्यांचा संकल्प. बसच्या छतावर सुमारे ३ किलोवॅटची पॅनेल आणि आत सुमारे ६ युनिट वीज साठवणारी बॅटरी. दिवे, पंखे, स्वयंपाक, संगणक हे सारे त्यावर. बस मात्र डिझेलवर धावते. असे का, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, अशा घराला विजेचा मीटर नसतो आणि महिन्याचे बिलही येत नाही. पण एक गोष्ट असते, ती म्हणजे छताचे ठरलेले क्षेत्रफळ. त्याहून जास्त ऊन कोणी उसने देत नाही. मग नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, असे घर चालेल का? चला, हिशेबच करू या.

छताची कमाई

समजा, एका निवृत्त गुरुजींनी आपल्या व्हॅनचे मोटारघर केले आहे. छतावर हवेची खिडकी वगैरे सोडून ४ चौरस मीटर जागा उरते. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते. आजचे चांगले पॅनेल त्यातील सुमारे २० टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करते. म्हणजे ४ चौरस मीटरवर ८०० वॅट. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौर घट प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ६ टक्क्यांच्या आसपास होती. तो घट या छतावर लावला असता, तर केवळ २४० वॅट मिळाले असते.

पण दुपारचे ऊन दिवसभर राहत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन धरून वर्षाची सरासरी काढली, तर नागपुरात रोज सुमारे ५ तास पूर्ण ऊन मिळाल्याइतकी ऊर्जा येते. ८०० वॅट गुणिले ५ तास म्हणजे ४००० वॅट-तास, अर्थात ४ युनिट. धूळ, तारांमधील घट, बॅटरीत साठवताना होणारी घट आणि पॅनेलची उष्णता यांत साधारण ३० टक्के जातात. हाती उरतात २.८ युनिट. ही झाली गुरुजींच्या छताची रोजची मिळकत.

उष्णतेचे नाव ऐकून तुम्ही चकित झाला असाल. सौर पॅनेलला ऊन हवे, मग उष्णता का नको? कारण घटात वीज निर्माण करतो तो प्रकाश, उष्णता नव्हे. सिलिकॉन जितके तापते, तितका घटाचा विद्युतदाब कमी होतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर १५ टक्क्यांच्या आसपास शक्ती तेथेच गेली. म्हणून पॅनेल छताला चिकटवत नाहीत, खाली वीतभर मोकळी जागा ठेवतात. त्या फटीतून वारा वाहतो आणि पॅनेल थंड राहते. शिवाय पॅनेलची सावली छतावर पडून आतली खोलीही कमी तापते.

खर्चाची वही

आता गुरुजींचा रोजचा खर्च मांडू.

७ वॅटचे चार एलईडी दिवे, ४ तास : ११२ वॅट-तास
३० वॅटचा पंखा, १२ तास : ३६० वॅट-तास
लहान फ्रिज, दिवसभर : सुमारे ५०० वॅट-तास
लॅपटॉप आणि मोबाइल : २८० वॅट-तास
६० वॅटचा पाण्याचा पंप, अर्धा तास : ३० वॅट-तास

बेरीज १२८२, म्हणजे सुमारे १.३ युनिट. मिळकत २.८ आणि खर्च १.३. छान शिल्लक राहते!

पण गुरुजींनी जुने ६० वॅटचे चार बल्ब आणि ७५ वॅटचा जुना पंखा तसाच ठेवला असता तर? बल्बना ९६० आणि पंख्याला ९०० वॅट-तास लागले असते. नव्या दिव्यांना आणि पंख्याला मिळून लागतात ४७२. म्हणजे जवळजवळ १.४ युनिटची बचत. ४०० वॅटचे एक पॅनेल दिवसभरात तेवढेच देते. म्हणून दिवे आणि पंखा बदलणे म्हणजे छतावर एक अख्खे पॅनेल वाढवण्यासारखेच आहे. फरक इतकाच, की पॅनेलला छतावर जागा लागते, बचतीला लागत नाही.

सोळंकी हेच तीन पायऱ्यांत सांगतात : आधी टाळा, मग कमी करा आणि उरलेल्या गरजेपुरतीच वीज निर्माण करा. पुष्कळ लोक तिसऱ्या पायरीवर पहिली उडी मारतात आणि मग छत पुरत नाही अशी तक्रार करतात.

नागपूरचा खरा प्रश्न

एवढ्यावर नागपूरकर वाचक विचारील, "पण कूलरचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. ४५ अंशांत नुसता पंखा म्हणजे गरम हवेचा झोत.

एका लहान वातानुकूलन यंत्राला रात्रभरात ६ युनिट सहज लागतात. गुरुजींच्या छताची दोन दिवसांची मिळकत एका रात्रीत संपली! कूलरला मात्र सुमारे १५० वॅट पुरतात. १० तासांत दीड युनिट. आधीचे १.३ मिळवले, की एकूण खर्च २.८ युनिट. मिळकत तेवढीच. हिशेब जेमतेम जुळला.

कूलर इतक्या थोड्या विजेत हे काम कसे करतो? काम वीज करत नाही, पाणी करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. युनिटच्या भाषेत हे झाले सुमारे दोन-तृतीयांश युनिट. कूलरच्या ओल्या वाळ्यातून तासाला ५ लिटर पाणी उडाले, तर तीन युनिटांहून अधिक उष्णता हवेतून गेली. वीज लागली ती फक्त पंखा आणि छोटा पंप चालवायला. मे महिन्यातली नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की ४५ अंशांची हवा कूलरमधून ३० अंशांच्याही खाली येऊ शकते. जुलैत हवा दमट झाली, की पाणी उडत नाही आणि कूलर नुसता ओलसर वारा फेकतो.

मात्र निसर्गात फुकट काहीच मिळत नाही. तासाला ५ लिटर म्हणजे १० तासांना ५० लिटर पाणी. मोटारघराची टाकी असते १०० लिटरच्या आसपास. विजेची चणचण पाण्याने भागवली, की पाण्याची चणचण सुरू होते. आता गुरुजींना रोज पाणी शोधावे लागेल.

सावलीत थांबावे की उन्हात?

दुसरा पेच गाडी उभी करण्याचा. मन म्हणते, कडुनिंबाखाली थांबा. छत म्हणते, उन्हात थांबा. एक फांदी आडवी आली तर काय बिघडले, असे वाटेल. पण पॅनेलमधले घट एकसर जोडणीत, एकामागे एक असतात. सर्वांतून एकच प्रवाह वाहावा लागतो. अरुंद पुलामुळे सगळी वाहतूक अडावी, तसे सावलीतल्या एका घटामुळे सगळी ओळ अडते. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये काही घटांच्या गटाला बाजूने वाट करून देणारे डायोड बसवतात. तरीही तो गट हातचा जातोच. म्हणून अनेक प्रवासी एखादे सुटे पॅनेल लांब तारेने जोडतात. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात.

ऋतूप्रमाणेही मिळकत बदलते. २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास नागपुरात भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा आडवे पॅनेल त्याच्या अगदी समोर असते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४५ अंश वर असतो. आडव्या पॅनेलवर तेव्हा समोरच्या उन्हाच्या सुमारे ७० टक्केच ऊन पडते. पॅनेल दक्षिणेकडे तिरपे करता आले, तर ही तूट भरून निघते.

साठवण आणि वजन

कूलर रात्री हवा, ऊन मिळते दिवसा. म्हणून बॅटरी लागते. शिसे-आम्लाची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ३० किलो भरते. ती निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. वापरण्याजोगे सुमारे २.४ युनिट हवे असतील, तर अशा चार बॅटऱ्या, म्हणजे १२० किलो वजन. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्यांत तेवढी साठवण होते आणि वजन भरते सुमारे २५ किलो. स्थिर घरात वजनाचा प्रश्न नसतो. चाकांवरच्या घरात प्रत्येक किलो ओढायला डिझेल जळते.

मग ही गाडीच उन्हावर का चालवू नये? एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. गुरुजींच्या छताची दिवसाची मिळकत त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. विजेची मोटर इंजिनापेक्षा पुष्कळ कार्यक्षम असते हे खरे, तरीही एवढ्या विजेत ही जड गाडी दिवसभरात थोडेच किलोमीटर जाईल. सोळंकींची बस डिझेलवर का धावते, ते आता ध्यानात आले ना? छतावरच्या उन्हात घर चालते, गाडी नाही.

शेजाराचे विज्ञान

समजा, गुरुजी थंडीच्या दिवसांत महामार्गाकडेच्या एका ढाब्यापाशी उतरले आहेत. कूलर बंद, म्हणून खर्च १.३ युनिट. दुपार होते न होते तोच बॅटरी भरते. आता नियामक पॅनेलकडून वीज घेणेच थांबवतो. ऊन छतावर पडतच असते, पण ते वाया जाते. शेजारी एक ट्रक उभा आहे. चालक विचारतो, "गुरुजी, मोबाइल चार्ज करता का?" एका युनिटात सुमारे ५० मोबाइल भरतात. गुरुजींचा खर्च? शून्य. जे वाया जाणार होते, तेच दिले.

मे महिन्यात उलटे घडते. गुरुजींची टाकी रिकामी आणि त्याच चालकाला पाण्याची चांगली विहीर कुठे आहे हे पक्के ठाऊक. "चला गुरुजी, कॅन घ्या." रस्त्यावरची मैत्री अशी जुळते. एकाजवळ जे जास्त असते, ते दुसऱ्याजवळ नेमके कमी असते. माणसे चांगली असतात म्हणून हे घडते, हे खरेच. पण साठवणीला मर्यादा असते म्हणूनही घडते. गावातल्या घरांची छतावरची जास्तीची वीज तारांतून शेजाऱ्यांकडे जाते, तेही याच तत्त्वावर.

आपल्या घरासाठी

नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रे आहेत. एक युनिट विजेसाठी तेथे सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपण बटण दाबतो, तेव्हा तो कोळसा, ती राख आणि तो धूर दिसत नाही. चाकांवरच्या घरात मात्र बॅटरीचा काटा डोळ्यांसमोर खाली उतरताना दिसतो. दोघांत फरक आहे तो एवढाच. ऊर्जा दोन्हीकडे मोजकीच आहे. पृथ्वीलाही छत एकच आहे.

करून पाहा

१. घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि रोजचे तास लिहून गुरुजींसारखी वही करा. २.८ युनिटांत तुमचे घर चालेल का? नसेल, तर आधी काय टाळाल आणि काय बदलाल?

२. सौर घटावर चालणारा, बॅटरी नसलेला गणकयंत्राचा नमुना मिळाला, तर त्याच्या घटाच्या पट्टीचा एकच भाग बोटाने झाका. आकड्यांचे काय होते?

३. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली ठेवा. दोघांतला फरक मे महिन्यात मोजा आणि पुन्हा जुलैत मोजा. कूलरचे सगळे रहस्य त्या दोन आकड्यांत सापडेल.

४. २६ मेच्या सुमारास मध्यान्ही अंगणात एक सरळ काठी उभी करा आणि तिची सावली शोधा. नागपुरात सूर्य १२ वाजून काही मिनिटांनी सर्वांत उंच असतो, म्हणून थोडी वाट पाहा. सावली नाहीशी झाली, की त्या क्षणी मोटारघराच्या आडव्या छतावर वर्षातले सर्वांत सरळ ऊन पडत आहे असे समजा.