मोटारीची कल्हई

दसरा जवळ आला कीं मोटारीला बरे दिवस येतात. एरवीं वर्षभर जिच्या अंगावरील धुळीकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, ती गाडी खंडेनवमीच्या सकाळीं अंगणांत किंवा इमारतीच्या आवारांत उभी केली जाते. मुलें बादल्या घेऊन धांवतात, कोणी भांड्यांच्या साबणाचा फेंस करतो, कोणी जुन्या गंजीफ्राकाचें फडकें करून टप खसाखसा घासतो, आणि दुपारच्या आंत बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक उमटून वर झेंडूची माळ चढते. घरांतील सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या वस्तूविषयीं कृतज्ञता दाखविण्याची ही रीत मोठी गोड आहे, यांत शंका नाहीं. परंतु गाडीचें तेज वाढावें म्हणून जें केलें जातें, त्यांतील पुष्कळसें तिचें तेज कायमचें कमी करणारें असतें, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. म्हणून या साध्या दिसणाऱ्या कामाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पितळेच्या भांड्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या विषयाचें मर्म सांगण्यास फार शब्द नकोत. पातेलें खरकटें असलें तर आपण तें धुतों. काळवंडलें तर चिंच लावून घासतों. आणि आंबट पदार्थ त्यांत कळकूं नये म्हणून आंतून कल्हई करून घेतों. या तिन्ही क्रिया निराळ्या आहेत. धुण्यानें परकी वस्तु निघून जाते. घासण्यानें भांड्याचाच कांहीं अंश जातो. कल्हईनें त्यावर नवा थर चढतो. मोटारीच्या रंगाचेंहि असेंच आहे. अंगाला चिकटलेला मळ काढणें, पॉलिश करणें आणि मेण लावणें, या त्या तीन क्रिया होत. दुकानांत तिन्हींच्या बाटल्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात आणि बोलण्यांत तर सर्वांना आपण सरसकट 'पॉलिश' असेंच म्हणतों. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

रंगाची जाडी किती?

पहिल्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगविल्या जात. तेलाच्या व्हार्निशाचा थर द्यावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, घासावयाचा आणि पुन्हां दुसरा थर द्यावयाचा. यांत आठवडेच्या आठवडे जात. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत तर केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. १९२३ सालीं ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' नांवाचा लवकर वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला आणि रंगकामाचा वेळ एकदम घटला. पुढें १९८० च्या दशकांत दुहेरी रंगाची पद्धत रूढ झाली, आणि आज आपल्या दारांत उभी असलेली गाडी बहुधा याच पद्धतीनें रंगविलेली असते.

या पद्धतींत पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक थर असतो. आपण जी झळाळी पाहतों ती या शेवटच्या थराची. रंगाचें उन्हापासून रक्षण करणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात. या थराची जाडी मात्र ऐकण्यासारखी आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केंस साधारणपणें ७० मायक्रॉन जाड असतो. गाडीवरील सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. आणि हा पारदर्शक थर सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो. म्हणजे केंसाहूनहि पातळ असें हें कवच दहापंधरा वर्षें ऊन, पाऊस आणि आपली हौस सोसत असतें. तें एकदां झिजलें कीं कोणत्याहि बाटलीनें परत येत नाहीं. रंग पांढरट पडूं लागतो, पापुद्रे सुटतात आणि मग रंगाऱ्याकडे जाण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. एवढें ध्यानांत घेतलें तर पुढील सर्व नियम आपोआप सुचतात.

प्रथम मळ काढावा

धुण्याचें काम सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं, सावलींत आणि पत्रा हाताला गार लागत असतांना करावें. तापलेल्या पत्र्यावर साबणाचें पाणी क्षणांत वाळून डाग पडतात. आरंभीं नुसतें पाणी वरून खालीं ओतून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. रस्त्यावरील धुळींत गारेचे बारीक कण असतात, आणि ते त्या पारदर्शक थराहून कितीतरी कठीण असतात. कोरडें फडकें फिरविणें म्हणजे हे कण रंगावर दाबून ओढणेंच होय. उन्हांत बॉनेटकडे पाहिलें असतां सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात, तीं अशा पुसण्याचीं फळें. वस्तुतः ते ओरखडे वर्तुळाकार नसतात, वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. परंतु त्यांतील जे प्रतिबिंबाभोंवतीं आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो.

दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य शांपूचें पाणी आणि दुसरींत स्वच्छ पाणी ठेवावें. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शांपूंत भिजवून टपापासून खालीं, सरळ रेषेंत, दाब न देतां फिरवावा आणि दर वेळीं तो दुसऱ्या बादलींत खळबळून मगच पुन्हां शांपूंत बुडवावा. चाकें व दारांखालचा भाग शेवटीं आणि निराळ्या फडक्यानें धुवावा. भांड्यांचा साबण तुपकट काढण्यासाठीं असतो. तो आधीं लावलेलें मेणहि काढून नेतो. नारळाच्या काथ्याला तर रंगाजवळ फिरकूंहि देऊं नये.

धुऊन कोरड्या केलेल्या गाडीची एक सोपी परीक्षा आहे. हातांत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटें रंगावरून हळूच फिरवावीं. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा पुष्कळ वेळां बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो. हा रुतून बसलेला मळ होय. त्यांत ब्रेक झिजून उडालेले लोखंडाचे कण असतात, डांबराचे ठिपके असतात, झाडांचा चीक असतो. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडले म्हणजे झाडाखालीं जो चिकट थर सांचतो, त्याचा अनुभव आंब्याखालीं गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकास असेल.

लोखंडाच्या कणांसाठीं एक विशिष्ट द्रव मिळतें. केंस कुरळे करण्याच्या औषधांत जें थायोग्लायकोलेट असतें, तेंच बहुधा यांतहि असतें. तें फवारलें कीं लोखंडाशीं संयोग होऊन जांभळे ओघळ वाहूं लागतात. मुलांना ही गंमत फार आवडते. त्याचा वास मात्र कुजक्या अंड्यासारखा येतो. रबरी हातमोजे घालून, मोकळ्या हवेंत, बाटलीवर सांगितलेल्या मिनिटांपुरतेंच तें ठेवावें आणि वाळण्यापूर्वीं भरपूर पाण्यानें धुऊन टाकावें. डांबराच्या ठिपक्यांसाठीं त्याचें निराळें द्रव कपड्यावर घेऊन लावावें. नखानें खरवडूं नये.

उरलेला मळ काढण्यासाठीं 'क्ले' नांवाची मऊ लगदीसारखी वडी मिळते. ही युक्ति जपानी रंगकारागिरांकडून जगाला मिळाली. वडीचा लहान तुकडा कणकेसारखा मळून चपटा करावा, पत्र्यावर शांपूचें पाणी सढळपणें शिंपडावें आणि तुकडा अलगद घसरूं द्यावा. आरंभीं तो अडखळतो, मग लोण्यावरून गेल्यासारखा सरकतो. सरकला कीं तेथील काम संपलें. मळलेली बाजू आंत दुमडीत जावी. तुकडा जमिनीवर पडला तर कितीहि महाग असो, टाकून द्यावा. त्याला चिकटलेली वाळू सबंध दारावर ओरखडे ओढील. आणि कोरड्या पत्र्यावर ही वडी कधींहि फिरवूं नये.

पॉलिश : शक्य तितकें कमी

आतां दुसरी क्रिया. पॉलिश म्हणजे चकाकी आणणारें तेल नव्हे. त्यांत अल्युमिनियम ऑक्साइडासारखी अति बारीक पूड असते. ती पारदर्शक थराचा वरचा अंश खरवडून ओरखड्याच्या कडा सपाट करते. ओरखडा बुजत नाहीं. त्याच्याभोंवतालची भूमिच खालीं आणली जाते. यंत्रानें केलेल्या जोरदार पॉलिशांत दोनतीन मायक्रॉन सहज जाऊं शकतात. चाळीस मायक्रॉनांच्या पुंजींतून दर दसऱ्याला व दर पाडव्याला एवढा खर्च करणाऱ्या घराचा हिशेब किती वर्षें चालेल, हें वाचकांनींच मांडून पाहावें.

म्हणून पॉलिश ही नित्याची गोष्ट नसून औषध आहे. रंग खरोखरच मंद झाला असेल तरच तें करावें आणि सर्वांत सौम्य प्रकारापासून आरंभ करावा. आधीं हातभर जागेवर प्रयोग करावा. तेवढ्यानें भागलें तर जोरदार प्रकाराकडे वळूं नये. घरच्या घरीं करणाऱ्यानें स्पंजाची गादी घेऊन हातानेंच काम करणें उत्तम. यंत्र घ्यावयाचेंच असेल तर ज्याची गादी फिरतां फिरतां हलते असें दुहेरी गतीचें घ्यावें. नुसतें गरगर फिरणारें यंत्र एका जागीं क्षणभर अधिक टेकलें तर रंग जाळूं शकतें. कडा व कोपरे यांवर रंग पातळ असतो, तेथें हात विशेष हलका असावा. ज्या ओरखड्यांत नख अडकतें तो पॉलिशानें जाणारा नव्हे. त्याच्या मागें लागून बाकीचा थर उधळूं नये. जुन्या, एकेरी रंगाच्या गाडीचा रंग फडक्याला लागतो, त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र झिजतो आहे तो रंगच, हें विसरूं नये. आणि हल्लीं कांहीं गाड्यांना मुद्दाम निस्तेज ठेवलेला रंग देतात. त्याला पॉलिश केव्हांहि लावूं नये, कारण त्यावर पडलेली चकाकी परत काढतां येत नाहीं.

मेण : हीच कल्हई

तिसरी क्रिया मेणाची. ही कांहीं घेत नाहीं, उलट देते. मोटारीच्या मेणांत ज्याचें नांव अग्रभागीं असतें तें कारनौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतें. तेथील कडक उन्हांत पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून झाड स्वतःच पानांवर हा लेप चढवितें. पानें वाळवून, झोडपून त्याची पूड काढतात. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतें, म्हणून उन्हानें तापलेल्या पत्र्यावरहि टिकतें. एका झाडानें आपल्या पानांसाठीं केलेली तजवीज दूर देशींच्या मोटारींच्या उपयोगीं यावी, ही मौजेची गोष्ट आहे.

मेण लावतांना एकच पथ्य आहे : थर पातळ असावा. जाड थरानें चकाकी वाढत नाहीं, फक्त पुसण्याचे श्रम वाढतात. स्पंजावर बोटभर मेण घेऊन एका वेळीं एकच भाग करावा, तें धुरकट दिसूं लागलें कीं मऊ, कोऱ्या मायक्रोफायबरनें पुसून घ्यावें. काळ्या प्लॅस्टिकवर तें लागूं देऊं नये; तेथें पांढरे डाग बसतात. हें मेण हवेप्रमाणें कांहीं आठवडे ते दोनतीन महिने राहतें; कृत्रिम लेप त्याहून अधिक टिकतात. पाऊस पडल्यावर पाण्याचे वाटोळे थेंब उठून दिसतात तोंवर कल्हई शाबूत आहे असें समजावें. पाणी पसरून बसूं लागलें कीं ती उडाली. मग नवी लावावी. पॉलिशाची वाटहि पाहूं नये. कल्हई उडाली म्हणून कोणी पातेलें कानशीनें घासीत नाहीं.

मेणाचा खरा उपयोग चकाकीपेक्षां रक्षणाचा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेंत यूरिक आम्ल असतें आणि उन्हानें मऊ झालेल्या रंगावर तिचा ठसा कायमचा उमटतो. मेणामुळें ती धुऊन काढण्यास थोडी सवड मिळते, एवढेंच. ओल्या फडक्यानें ती भिजवून त्याच दिवशीं उचलावी हें बरें. बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब वाळूं दिल्यास चुन्यासारखे डाग पडतात, म्हणून धुतल्यावर गाडी तशीच न सोडतां टिपून घ्यावी. पूजेच्या कुंकवाचेंहि असेंच : कोरडें पुसूं नये, संध्याकाळीं पाण्यानें वाहून जाऊं द्यावें. ओल्या झेंडूची माळ बॉनेटवर दिवसेंदिवस सुकत ठेवण्यानें पुण्य वाढत नाहीं, डाग मात्र पडतो.

आतां रोजच्या पुसण्याविषयीं. शहरांतून पहांटे एक बादली व एक फडकें घेऊन दहापंधरा गाड्या पुसणारा माणूस येतो. शेवटच्या गाडीपर्यंत त्या बादलींत पाणी कमी आणि चिखल अधिक असतो. परंतु दोष त्याला देणें अन्यायाचें आहे. आपण त्याला तेवढेंच पाणी, तेवढाच वेळ आणि तेवढाच पैसा देतों. आपल्या गाडीसाठीं दोन स्वच्छ फडकीं निराळीं द्यावीं, रोजच्या पुसण्याऐवजीं आठवड्यांतून एकदां नीट धुण्यास सांगावें आणि पगार मात्र कापूं नये. तोच माणूस मग गाडीचा सर्वांत मोठा रक्षक होईल. तीन बादल्यांत हें काम भागतें, नळी सोडून देण्याची गरज नसते. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत हाहि विचार महत्त्वाचा आहे.

सारांश, धुणें वारंवार, चिकट मळ काढणें वर्षांतून एकदोनदां, मेण दर दोनतीन महिन्यांनीं, आणि पॉलिश कित्येक वर्षांत एखादे वेळीं, असा क्रम घरांत ठरवून घ्यावा. हौशी तरुणांच्या दंडांतील बळाला वाव हवा असेल तर तो चाकें धुण्यांत भरपूर आहे. वडिलांनीं घेतलेली गाडी पुढें मुलानें चालवावी, असें अनेक घरांत घडतें; तिच्यावरचें केंसाहून पातळ असें तें कवच त्याच्या हातीं जितकें पूर्ण जाईल तितकें चांगलें.