सतरा वर्षांखालील विश्वचषक : एका गोलाचे मोल

नोएडातील फुटबॉलप्रेमींना यमुना ओलांडली की दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम गाठता येते. याच मैदानावर ९ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर मणिपूरच्या जिक्सन सिंगने हेडर मारून चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा हा पहिला गोल. बरोबरीचा आनंद मात्र जेमतेम मिनिटभर टिकला. कोलंबियाच्या पेनालोझाने लगेच दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा पराभूत झाला.

१९५० साली ब्राझीलमधील विश्वचषकाची संधी मिळूनही भारतीय संघ गेला नव्हता. त्यानंतर ६७ वर्षांनी सतरा वर्षांखालील मुलांनी हे दार उघडले, तेही यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाल्यामुळे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेकडून ०-३ व घानाकडून ०-४ अशा पराभवांमुळे भारताचे आव्हान साखळीतच संपले. या संघात कोल्हापूरचा आक्रमक अनिकेत जाधव होता, तसेच अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडेही होता. तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियमवर गर्दी करणाऱ्या कोल्हापूरकरांना अनिकेतच्या निवडीचे विशेष अप्रूप वाटले असल्यास नवल नाही.

नवी दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता येथील ५२ सामन्यांना एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक लाभले. या वयोगटातील हा तेव्हाचा उच्चांक होता. चीनमधील १९८५ च्या स्पर्धेचा १२,३०,९७६ चा आकडा त्याने मागे टाकला. अर्थात, चीनमध्ये सामने केवळ ३२ झाले होते. त्यामुळे प्रत्येक सामन्याची सरासरी पाहिली तर चीनच पुढे राहतो. आपल्याकडे विक्रमाच्या बातम्यांत हा तपशील सहसा येत नाही.

प्रेक्षकांनी जे पाहिले ते मात्र अव्वल दर्जाचे होते. दिल्लीत अमेरिकेच्या टिमोथी वेआने पॅराग्वेविरुद्ध हॅटट्रिक केली. नवी मुंबईत स्पेनने मालीला ३-१ ने हरवून अंतिम फेरी गाठली. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात ०-२ ने पिछाडीवर पडलेल्या इंग्लंडने स्पेनवर ५-२ असा विजय मिळवला. त्यात दोन गोल करणारा फिल फोडेन पुढे इंग्लंडच्या वरिष्ठ संघात पोहोचला.

भारतीय मुलांसाठी पुढची वाट अधिक खडतर होती. त्यांच्यापैकी अनेकांना सलग सामने मिळावेत म्हणून महासंघाने इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. हा प्रयोग २०२२ मध्ये गुंडाळण्यात आला. जिक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली, अमरजित सिंग हे खेळाडू वरिष्ठ संघापर्यंत गेले, ही त्या पिढीची खरी मिळकत होय. २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारतात झाला. तेथेही यजमान संघ तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही.

मडगावच्या ज्या फातोर्डा मैदानावर २०१७ मध्ये इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने नमवले होते, तेथेच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताचा वरिष्ठ संघ सिंगापूरकडून १-२ ने हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता हुकली.