तीन लाखांचं बंगळूर

पोंगलच्या आदल्या दिवशी तंजावरला अक्काच्या घरी पोचलो, तर जेवणघराच्या भिंतीला अमेरिकेचा नकाशा टेकवून ठेवलेला. त्यावर कुंकवाच्या बोटाचे चार ठिपके होते. शिकागोचा ठिपका थेट मिशिगन सरोवरात पडला होता.

भाच्यानं तिकडं एम.एस. संपवून नोकरी मिळवली होती. कंपनीनं शिकागो, ह्यूस्टन, सिअ‍ॅटल आणि न्यू यॉर्क यांतलं एक शहर निवडायला सांगितलं होतं, आणि त्यासाठी पंधरा दिवस दिले होते. रात्री त्याचा फोन आला. "मामा, तुम्हीच सांगा. अम्मा म्हणते, जिथं देऊळ आहे तिथं जा. देऊळ तर चारही ठिकाणी आहे." मामा हा शब्द मराठीत चालतो तसाच तमिळमध्येही चालतो, त्यामुळे या घरात सल्ला देण्याची जबाबदारी दोन्ही भाषांतून माझ्यावर येते.

खरं तर कोणतं गाव धरायचं आणि कोणतं सोडायचं, हा तंजावरच्या मराठी माणसाचा साडेतीनशे वर्षांचा प्रश्न आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचा मुलगा व्यंकोजी, म्हणजे एकोजी, याच्याकडं पुढं ही जहागीर आली. १६७५-७६च्या सुमारास त्यानं तंजावर घेतलं आणि तो तिथंच राहिला. हवा बघितली असती तर बंगळूर सोडवलं नसतं. पण बंगळूर पठारावर, तळ्यांच्या पाण्यावर जगणारं. तंजावर कावेरीच्या मुखाकडच्या सपाटीत, वर कल्लणैचं प्राचीन धरण आणि खाली नजर पोचेल तिथवर भातखाचरं. शेतसारा कुठून जास्त येणार, हे सांगायला दिवाण लागत नव्हता. आजच्या भाषेत एकोजीनं हवामान सोडून पगार धरला.

१६७७ मध्ये थोरले भाऊ शिवाजीराजे दक्षिणेत आले. कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघांची भेट झाली, वडिलांच्या मालमत्तेच्या वाटणीवरून बोलणं फिसकटलं आणि एकोजी रातोरात तंजावरला निघून गेला. नंतर तह झाला. त्यात बंगळूर एकोजीची बायको दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिलं गेलं. एवढं मोठं शहर चोळीबांगडीला! पण दोन ठिकाणी घर चालवणं राजालाही परवडत नाही. पुढं म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी बंगळूर तीन लाख रुपयांना विकण्याचं बोलणं चालू झालं. व्यवहार पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये मोगलांचा कासिमखान येऊन शहर घेऊन बसला, आणि शेवटी ते गेलं चिक्कदेवराजाकडंच. आज इंदिरानगरात भाड्याच्या घराचं डिपॉझिटसुद्धा कधीकधी तीन लाखांवर जातं. तंजावरची निम्मी मराठी पोरं आज बंगळुरात भाडं भरतात, असं अक्का म्हणते. निम्मी हा अक्काचा आकडा आहे, जनगणनेचा नाही.

तंजावरच्या राज्याचा कारभार, पागा, पोथ्या, कीर्तनं, स्वयंपाक यांच्यासाठी देशावरून माणसं येत राहिली. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी भोसल्यांचा सगळा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. हे लोक इथं कायमचे राहणार, असंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण १८५५ मध्ये तंजावरचा शेवटचा राजा, दुसरा शिवाजी, पुत्राविना वारला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. वाड्यावर पोट असलेल्या शेकडो घरांची नोकरी गेली. कंपनी बंद पडल्यावर माणसं काय करतात? दुसरं शहर शोधतात.

गाव बदलणाऱ्या तंजावरी मराठी माणसांत टी. माधवराव हे ठळक नाव. जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासला. १८५७ मध्ये ते त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूर, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोदा. त्रावणकोरचा कारभार मलयाळी मुलखातला, इंदूर आणि बडोदा ही मराठी दरबारांची गावं. तंजावरी मराठी बोलणारा माणूस तिन्ही ठिकाणी रुजला. तिरुवनंतपुरमात त्यांच्या पुतळ्यामुळे त्या चौकाला आणि बसथांब्याला आजही 'स्टॅच्यू' म्हणतात. रोज हजारो माणसं तिथं उतरतात. त्यातल्या कितीजणांना हा पुतळा घरात मराठी बोलणाऱ्याचा आहे हे ठाऊक असेल, देव जाणे.

माधवरावांच्या वाट्याला दिवाणगिऱ्या आल्या, बाकीच्यांच्या वाट्याला मद्रासमधली कारकुनी, मास्तरकी, वकिली. १९१२ मध्ये मद्रासला मराठा एज्युकेशन फंड सुरू झाला तो दक्षिणेतल्या मराठी मुलांच्या शिक्षणाला पैसे मिळावेत म्हणून. गावात जमीन उरलेली नाही, तेव्हा डोकं हीच जमीन, असा त्यामागचा हिशेब होता. १९६५ मध्ये अमेरिकेनं कायदा बदलून आशियाई लोकांना दार उघडलं, तेव्हा हा हिशेब सातासमुद्रापार गेला.

तर भाचा. पहिल्यांदा त्याला म्हणालो, पगाराचा आकडा बघू नकोस, हातात काय उरतं ते बघ. ह्यूस्टनचं टेक्सास आणि सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. शिकागोच्या इलिनॉयमध्ये सरसकट ४.९५ टक्के आहे. न्यू यॉर्क शहरात राहिलास तर राज्याच्या वर शहराचाही आयकर. पण टेक्सासचं सरकार काही धर्मादाय नव्हे, तिथं घरावरचा कर भारी पडतो. भाड्यानं राहणाऱ्याला तो दिसत नाही, तरी घरमालक भाड्यात तो वसूल करतोच. न्यू यॉर्कला आणखी एक भानगड: महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न असल्याशिवाय बरेच घरमालक दारात उभं करत नाहीत. तीन हजार डॉलर भाड्याला एक लाख वीस हजारांचा पगार. म्हणून कित्येक मराठी घरं हडसन नदीपलीकडं न्यू जर्सीत राहतात आणि रोज गाडीनं नदीखालून कामाला जातात.

ह्यूस्टन अक्काला मनापासून आवडलं होतं. हवा तंजावरसारखी दमट, उकाडा ओळखीचा, आणि जवळ पेअरलँडला मीनाक्षीचं देऊळ. वाटेल तिथं वाटेल ते बांधायला बरीच मुभा असलेलं शहर. कोणत्या भागात काय बांधावं याचा अमेरिकेतल्या इतर शहरांसारखा नियमच तिथं नाही, त्यामुळे ते अफाट पसरलं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात काही दिवसांत तिथं मीटरभर पाऊस पडला, रस्त्यांच्या नद्या झाल्या. अक्का म्हणाली, "म्हणजे गज." २०१८ च्या नोव्हेंबरात गज वादळानं तंजावर जिल्ह्यात पट्टुकोट्टै, ओरत्तनाडकडची माडांची बागच्या बाग आडवी केली होती. वादळाला ती घाबरत नाही. मग मी तिला विचारलं, "ह्यूस्टनला तू भाजी आणायला कशी जाणार?" ती गप्प झाली.

माझी कसोटी हीच आहे आणि मला ती इतर सगळ्या तक्त्यांपेक्षा खरी वाटते. पाहुणी म्हणून जाणाऱ्या आईला अमेरिकेत बहुधा सहा महिने राहू देतात. मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाडी न चालवता येणारी साठीतली बाई त्या शहरात कुठं जाऊ शकते? ह्यूस्टनला, खरं सांगायचं तर, फारशी कुठं नाही. न्यू यॉर्कला फ्लशिंगमध्ये १९७७ पासून गणपतीचं देऊळ आहे, भूमिगत रेल्वे जवळपर्यंत जाते, आणि देवळाच्या तळघरात कँटीन आहे. डोसा मिळतो, आणि शेजारी बसायला तिच्यासारख्याच, मुलाकडं आलेल्या बायका. शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर कढीपत्ता मिळतो आणि तिथं बस जाते, पण लेमॉन्टचं मोठं देऊळ शहराबाहेर. तिथं गाडी हवीच.

सिअ‍ॅटलचा एक फायदा मला नकाशा बघताना सुचला. तंजावरकराला जवळचा विमानतळ तिरुच्चिराप्पळ्ळीचा. तिथून सिंगापूर, आणि सिंगापूरहून सिअ‍ॅटलला थेट विमान. अमेरिकेचा पश्चिम किनारा आपल्याला असा मागच्या दारानं जवळ पडतो, मद्रासला जायचीही गरज नाही. पाऊस वर्षाकाठी साधारण तंजावरइतकाच, सुमारे मीटरभर. फरक इतकाच की आपल्याकडं तो ऐप्पशी-कार्तिक या तमिळ महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिकडं आठ महिने नुसता झिरपत राहतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. "मग संध्येची वेळ कोणती?" भावजींनी विचारलं. त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

देवळांहून अवघड प्रश्न मंडळाचा. अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, तमिळ संघांचा महासंघ १९८७ पासून. भाच्यानं कोणाची वर्गणी भरायची? घरात तो मराठी बोलतो, पण वाचतो तमिळ. देवनागरी त्याला जेमतेम जमते. मी पुण्याला नोकरीला आलो, तेव्हा एका गृहस्थांनी माझं बोलणं ऐकून कौतुकानं विचारलं होतं, "मराठी कुठं शिकलात?" तोच प्रश्न भाच्याला गणेशोत्सवाच्या रांगेत येणार. तमिळ संघात कुणी असं विचारणार नाही, पण आमटी-वरणाची आठवण तिथं कुणाशी काढणार? त्याला म्हणालो, दोन्हीकडं वर्गणी भर, पोंगल एकीकडं जेव आणि गणपती दुसरीकडं.

यादीत नसलेलं एक शहर भावजींनी मध्येच काढलं: क्लीव्हलँड. तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. सरफोजींच्या दरबारात त्यांनी यावं म्हणून निरोप गेले, ते गेले नाहीत, अशी गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगतात. राजधानी एवढी जवळ असून त्यांनी कावेरीकाठचं लहान गाव सोडलं नाही. त्या त्यागराजांची आराधना १९७८ पासून दर वसंतात, ईस्टरच्या सुमारास, ओहायोमधल्या क्लीव्हलँडला होते. तेलुगू कृती, गाणारे बहुतेक तमिळ, समोर एरी सरोवर. ज्यांना दरबार नको होता, त्यांचा उत्सव इतक्या लांब गेला. पण कंपनीची तिथं शाखा नव्हती.

शेवटी भाच्यानं शिकागो घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, भाडं न्यू यॉर्कहून कमी, गाडीशिवाय निभतं, आणि तंजावरहून आलेले दोन मित्र तिथं आहेत. जानेवारीत पारा सहज शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर जातो, हे त्यानं आईला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

अक्कानं फक्त एकच विचारलं, "नदी आहे का?"

आहे, मी म्हणालो. शिकागो नदी. पूर्वी ती सरोवराला मिळायची. पण शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जायला लागली, म्हणून १९०० साली कालवा खणून त्यांनी तिला उलटं वाहायला लावलं.

अक्का बराच वेळ नकाशाकडं बघत राहिली. मग ओल्या पदरानं सरोवरातला कुंकवाचा ठिपका पुसला आणि काठावर, नेमका जिथं हवा तिथं, नवा लावला. "कावेरीचं पाणी सोडायला इकडं दोन राज्यांचं भांडण मिटत नाही," ती म्हणाली, "आणि तिकडं नदीच उलटी फिरवली. त्याला म्हणावं, पाणी गाळून पी."