रुजवात

नेवाशास प्रवरेच्या काठी, ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, गीतेवरील आपली मराठी टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे, त्या खांबापासून फार दूर नसलेल्या एका वाड्याच्या ओसरीवर सलग अकरा दिवस मी ज्ञानेश्वरीच्या एका हस्तलिखिताची छापील प्रतीशी रुजवात घालीत बसलो होतो. घरधनी काका पोथी वाचीत, मी छापील ओळीवर बोट ठेवून ऐकत असे, आणि अक्षर फिरले की ते थांबत व मी टिपून घेई.

रुमालातून निघालेली ती सुटी पाने जाड कागदाची होती आणि शब्द न तोडता बोरूने सलग लिहिलेली होती; लेखकाचा हात जेथे चुकला तेथे हरताळाचा लेप देऊन त्यावर नवे अक्षर घातले होते, आणि गळलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहिले होते. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग मी जन्मभर केला, पण त्याचा पिवळा रंग प्रथम पाहिला तो येथे. ‘म्हणौनि’ने आरंभ होणाऱ्या दोन ओव्या जवळजवळ आल्या की नक्कल करणाराची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरे, आणि मधला मजकूर नाहीसा होई.

त्या दिवसांत रात्री मी दान्तेचे महाकाव्य भाषांतरातून वाचीत होतो. 1302 मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या या कवीने विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत 14,233 ओळी रचल्या. त्याच्या हातचे एक अक्षरही आज उपलब्ध नाही, आणि बोकाचिओसारख्या थोर लेखकाने ते काव्य तीन वेळा स्वहस्ते उतरविले. परंतु त्याच्या त्रिपदीत मधल्या ओळीचे यमक पुढच्या त्रिपदीची पहिली व तिसरी ओळ उचलते, त्यामुळे शब्द बदलले तरी एखादी त्रिपदी गाळली वा घुसडली तर साखळी तत्क्षणी तुटते. आपली ओवी तशी नाही. तीन चरणांचे यमक व आखूड चौथा चरण एवढ्यात ती पुरी होते, आणि पंगतीत एक पाट अधिक मांडावा तशी नवी ओवी दोघींच्या मध्ये सहज बसते. म्हणूनच शके 1506 मध्ये, 1584 साली, प्रवरा ज्या गोदावरीस मिळते तिच्याच काठी पैठणास एकनाथांना पाठभेदांनी बिघडलेला हा ग्रंथ शुद्ध करावा लागला, आणि यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशी निक्षून ताकीद द्यावी लागली. जे काम तिकडे छंदाने केले, ते इकडे एका संताने आपल्या शब्दाच्या भरवशावर केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

नवव्या दिवशी तेराव्या अध्यायात छापील प्रतीत नसलेली एक ओवी निघाली. अर्थ मधुर, उपमाही सुंदर. पण शेजारी ‘तेथ’ व ‘जैसें’ असता हिच्यात ‘तेथे’ आणि ‘जसे’ होते. काकांनी ती पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा, या वेळी पोथीकडे न पाहता.

“ही आमच्या आजोबांना पाठ होती,” ते म्हणाले.

मी वहीत तिच्यासमोर ‘अधिक’ असा शेरा लिहिला, आणि काकांनी पान उलटले.