अनुकूली शिकवणी प्रणाली : बरोबर उत्तराला वजन किती?

विद्यार्थ्याच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे अनुकूली शिकवणी प्रणाली. ‘हे कौशल्य त्याला येते’ याची संभाव्यता ती प्रत्येक उत्तरानंतर नव्याने काढते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील कॉर्बेट व अँडरसन यांनी प्रोग्रॅमिंगच्या शिकवणीसाठी ही पद्धत १९९४-९५ मध्ये मांडली. तिचा पाया बेजचे प्रमेय.

उदाहरण : किरचॉफचा नियम येत असण्याची संभाव्यता ०.४ धरू. येत असूनही चुकण्याची ०.१, येत नसताना चार पर्यायांतून अंदाजाने बरोबर येण्याची ०.२५. उत्तर बरोबर आले, तर नवी संभाव्यता :

(०.४ × ०.९) ÷ (०.४ × ०.९ + ०.६ × ०.२५) = ०.३६ ÷ ०.५१ ≈ ०.७१

पर्याय न देता आकडा लिहायला सांगितला आणि अंदाजाची संभाव्यता ०.०२ धरली, तर :

०.३६ ÷ ०.३७२ ≈ ०.९७

उत्तर तेच, पुरावा मात्र भक्कम. (सरावाने होणारी वाढ येथे सोडली आहे.)

सहसा ०.९५ ओलांडल्यावर प्रणाली पुढच्या घटकाकडे नेते. म्हणून पर्यायी प्रश्नांत अंदाज ठोकू नका. तुक्के लागत गेले, तर कच्चा राहिलेला भाग प्रणाली कदाचित पुन्हा विचारणार नाही. तो परीक्षेतच समोर येईल.

स्वाध्याय : पहिल्या उदाहरणात उत्तर चुकले, तर संभाव्यता किती? (उत्तर : सुमारे ०.०८)