ओल्मेक शिल्पे: व्हियाएर्मोसाहून पाहताना

कोण? मेक्सिकोच्या आखाताकाठी, आजच्या बेराक्रूझ आणि ताबास्को राज्यांत नांदलेली संस्कृती. काळ साधारण इ.स.पू. 1200 ते 400. ‘ओल्मेक’ म्हणजे अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘रबराच्या मुलखातले लोक’. हे नाव फार नंतरचे. ते स्वतःला काय म्हणत, याची नोंद नाही. अॅझ्टेक त्यांच्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी आले.

महाशीर्षे, म्हणजे प्रचंड दगडी डोकी: आजवर 17 सापडली. ओल्मेक स्थळांनुसार: सान लोरेंझो 10, ला वेंता 4, त्रेस सापोतेस परिसरात 3. दगड तुश्त्ला डोंगरातला बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. चाकाची गाडी नाही, ओढायला बैल नाहीत. तरी कित्येक टनांचे दगड दूरवर नेले. जवळ जाऊन पाहावे: नाक रुंद, ओठ जाड, कपाळावर घट्ट शिरस्त्राण. प्रत्येक चेहरा वेगळा, म्हणून ही राजांची व्यक्तिचित्रे मानतात.

‘वेदी’ की सिंहासन? ला वेंताच्या वेदी क्र. 4 वर कोनाड्यात बसलेला पुरुष हातात दोर धरून आहे. वेदी हे जुने नाव; आता याला सिंहासन समजतात.

कुठे पाहाल? तेलउद्योगामुळे ला वेंताची शिल्पे धोक्यात आली. कवी कार्लोस पेयिसेर यांनी ती ताबास्कोतल्या व्हियाएर्मोसा शहरात हलवून 1958 मध्ये झाडीतले उद्यान-संग्रहालय उभारले. सान लोरेंझोची 7 शीर्षे बेराक्रूझमधल्या हालापा शहराच्या संग्रहालयात.

व्हियाएर्मोसाच्या बाजारात: पोसोल. मक्याचे पीठ आणि कोको पाण्यात कालवलेले गार पेय. फळाच्या वाळक्या कवचाच्या वाडग्यातून पितात.